तेलावरून एंजिनाची परीक्षा

सांगली व मिरज या जुन्या शहरांच्या शेजारीं वसलेलें कुपवाड १९९८ सालीं त्यांच्यासह एका महानगरपालिकेंत आलें. परंतु बाहेरच्या लोकांना तें माहीत असतें तें तेथील औद्योगिक वसाहतीमुळें. या परिसरांत यंत्रांच्या सुट्या भागांचें ओतकाम व कांतकाम चालतें. भट्टींतला रस सांच्यांत ओतण्यापूर्वीं त्याचा लहानसा नमुना थिजवावयाचा, त्यावर विजेची ठिणगी पाडावयाची आणि तिच्या प्रकाशावरून कोणता धातु किती आहे हें ताडावयाचें, ही रीत ओतशाळांतून आतां रूढ आहे. ही झाली धातूच्या जन्मवेळची परीक्षा. तीच विद्या यंत्राच्या उतारवयांतहि उपयोगी पडते. मात्र तेथें परीक्षा होते ती धातूची नव्हे, तर त्याला सतत न्हाऊं घालणाऱ्या वंगणाच्या तेलाची.

ज्यांच्या घरीं वडिलोपार्जित हौसेची एखादी जुनी स्पोर्ट्स मोटार आहे, त्यांना या परीक्षेचें मोल विशेष. १९४५ ते १९४९ या काळांत तयार झालेली एम्. जी. कंपनीची टी. सी. गाडी घ्या, किंवा १९४८ सालीं पुढें आलेली जॅग्वारची एक्स. के. १२० घ्या. अशा गाडीचें एंजिन थोडा वेगळा आवाज करूं लागलें, कीं धन्यासमोर पेंच उभा राहतो. एंजिन उघडावें, तर कित्येक वर्षें एकमेकांशीं जुळून बसलेले भाग विनाकारण हलतात, आणि एखादा भाग दुखावला तर तो बाजारांत सहज मिळत नाहीं. न उघडावें, तर झिजलेलें बेअरिंग ऐन रस्त्यांत दगा देऊन क्रँकच्या दांड्याचाहि नाश करावयाचें. हा निर्णय केवळ कानावर सोपविणें धोक्याचें असतें.

प्रत्येक मूलद्रव्य तापलें असतां आपल्या ठराविक रंगाचा प्रकाश देतें, हें बुन्सेन व किर्कहॉफ या शास्त्रज्ञांनीं हायडेलबर्ग येथें १८५९-६० च्या सुमारास दाखवून दिलें. त्याचा उपयोग एंजिनाच्या तेलाकडे वळविला तो अमेरिकेंतील डेन्व्हर येथील एका रेल्वे कंपनीच्या प्रयोगशाळेनें, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ च्या सुमारास. डीझेल एंजिनें न उघडतां त्यांचे दोष ओळखावे, हा तिचा हेतु होता. योगायोग असा, कीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली तीहि १९४६ सालींच.

या परीक्षेचें तत्त्व साधें आहे. घांसणाऱ्या भागांचे अतिसूक्ष्म कण तेलांत तरंगत राहतात. त्यांचें प्रमाण दशलक्ष भागांत इतके भाग असें सांगतात. लोखंड वाढलें, तर सिलिंडर, क्रँक किंवा कॅम यांची झीज समजावी. अॅल्युमिनियम वाढलें, तर पिस्टनची. क्रोमियम वाढलें, तर बहुधा कड्यांची. शिसें, कथील व तांबें हीं बेअरिंगांकडे बोट दाखवितात. सिलिकॉन म्हणजे बहुतेक वेळीं हवेच्या गाळणींतून निसटलेली धूळ. सोडियम आणि पाणी एकत्र आढळलीं, तर थंडाव्याचें पाणी आंत झिरपत असावें. पेट्रोल मिसळून तेल पातळ झालें आहे कीं काय, हेंहि त्याच अहवालांत कळतें. पूर्वीं पेट्रोलमध्येंच शिसें असल्यामुळें बेअरिंगांतलें शिसें वेगळें ओळखणें कठीण जाई. भारतांत २००० सालीं तसलें पेट्रोल बंद झालें, आणि ही साक्ष अधिक विश्वासार्ह झाली.

परंतु श्रोतेहो, पुष्कळांची फसगत होते ती पुढेंच. एकाच अहवालावरून निदान करूं नये. समजा, एका गाडीच्या तेलांत दर दोन हजार किलोमीटरनंतर लोखंड ६०, ५८, ६१ असें निघालें. दुसरीच्या तेलांत १५, १७, ४५ असें निघालें. आंकडा पाहून पहिली गाडी आजारी वाटेल. वस्तुतः चिंता करावयाची ती दुसरीची. पहिलीची झीज तिच्या वयाची आहे. दुसरीच्या आंत कांहीं नवें घडलें आहे. नाडी एकदां पाहून वैद्य प्रकृति सांगत नाहीं, तसेंच हें आहे. म्हणून प्रत्येक नमुन्याबरोबर तें तेल किती किलोमीटर व किती महिने चाललें, मध्यें किती भर घातली, याची नोंद हवीच. नमुना घेण्यासाठीं एंजिन तापलेलें असावें; सोडलेल्या तेलाची पहिली धार जाऊं द्यावी आणि मधली धार कोरड्या, स्वच्छ बाटलींत धरावी.

या परीक्षेलाहि मर्यादा आहे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागास मायक्रॉन म्हणतात. सुमारें आठ-दहा मायक्रॉनहून मोठे कण या यंत्राला नीट दिसत नाहींत. बेअरिंगाचे पापुद्रे सुटत असतांनाहि अहवाल निर्दोष येऊं शकतो. यासाठीं तेलाची गाळणी उघडून पाहावी. चकाकणाऱ्या कणांजवळ लोहचुंबक धरावा. चिकटले तर लोखंड, न चिकटले तर बेअरिंगाचा अथवा पिस्टनचा धातु. तेलाचा दाब दाखविणाऱ्या कांट्याकडेहि दुर्लक्ष करूं नये.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें वेगळ्या नोंदणीचे नियम केले. अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापरासाठीं नाहीं. साहजिकच ती बराच काळ उभी राहते. उभ्या एंजिनांत दमटपणा सांचतो, लोखंडावर गंज चढतो, आणि पहिल्याच फेरींत तो तेलांत उतरतो. अशा वेळीं वाढलेलें लोखंड झिजेचें नसून आळसाचें असतें. म्हणून गाडी थोडी फिरली तरी तेल वर्षांतून एकदां बदलावें, आणि फिरवावी तेव्हां एंजिन पुरतें तापेपर्यंत फिरवावी.

बदललेलें काळें तेल टाकाऊ म्हणून फेंकलें जातें. वर्षभर एंजिनाच्या आंत काय चाललें होतें, हें मात्र त्यालाच ठाऊक असतें. फेंकण्यापूर्वीं त्यांतलें बाटलीभर बाजूला काढावें, नोंदवहींत एक ओळ लिहावी, आणि अशा तीन-चार ओळी जमल्यावरच पान्याला हात घालावा कीं नाहीं हें ठरवावें.