गाठ दुखत नाही म्हणून गप्प बसू नका

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. गिरणीत साच्यावर उभा राहिलेला माणूस. जे वाचलं, विचारलं आणि घरात भोगलं, तेवढंच सांगणार आहे.

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, छातीत गाठ लागली. आठ महिने ती बोलली नाही. एक तर दुखत नव्हतं, आणि भावाला हे सांगायचं कसं? मी सभांमधून स्त्रियांच्या हक्कांवर बोलत होतो, आणि घरच्या बाईला माझ्यापाशी दोन शब्द काढता येत नव्हते. दोष तिचा नाही, माझा आहे. जखम झाली तेव्हा आम्हाला कळलं. उशीर झाला होता. आक्का गेली.

म्हणून भगिनींनो, ध्यानात ठेवा. स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. छातीत किंवा काखेत गाठ, कातडी ओढल्यासारखी होणं, बोंड आत जाणं, त्यातून रक्त येणं, यातलं काहीही दिसलं तरी दवाखाना गाठा. बहुतेक गाठी साध्या असतात. पण ते तपासल्याशिवाय कसं कळणार?

डॉक्टर आधी हाताने बघतात, मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी. नंतर सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासतात. सुई लावली की रोग पसरतो, ही समजूत खोटी आहे. उलट त्या तुकड्यावरूनच कोणतं औषध लागू पडेल ते ठरतं. पुढे ऑपरेशन, केमो, शेक, काहींना हार्मोनच्या गोळ्या. लवकर सापडलं तर पुष्कळदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही. केमोने गेलेले केस बहुधा परत येतात.

परळच्या टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाखावर स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करीत, अशी चार वेळा. २०२१ साली निष्कर्ष छापून आला : पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. बघा, तिथे मोठं यंत्र नव्हतं. शिकलेला हात होता!

पैशाचं म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

आणि बांधवांनो, तुम्हाला एकच सांगणं. बायको, बहीण, आई काही सांगू लागली तर ऐका. एक खाडा झाला तरी चालेल, तिच्याबरोबर लाईनीत उभे राहा. गंडे-दोरे आपण १९५६ साली सोडले. आता ही लाजही सोडू या.

जय भीम! नमो बुद्धाय!