नडगीतला रॉड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर पाय घसरतो, हमरस्त्यावर मोटारसायकल आडवी होते, आणि नडगी मोडते. पाय एकाचा मोडतो, पण लंगडते सारे घर. आणि उठबस करावी लागते ती बहुधा आपल्यालाच. म्हणून हा विषय निवडला. माझ्या स्वतःच्या नडगीतही रॉड आहे.

हाड बांधण्याची विद्या आपल्याकडे नवी नव्हे. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली मोडलेल्या हाडाला आधार म्हणून बांधाव्यात, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. ही सारी झाडे आपल्या भंडारा जिल्ह्यात आहेत. पुढे प्लॅस्टर आले. परंतु नडगीच्या पुढच्या बाजूस नुसते कातडे. तेथे हाड सहज बाहेर येते, आणि प्लॅस्टरमध्ये तुकडे सरकले तर पाय वाकडा जुळतो.

हाडाच्या आतल्या पोकळीतच धातूची सळई बसवण्याची रीत जर्मन शल्यवैद्य क्युन्टशर यांनी १९४० साली बर्लिन येथे मांडली. आज गुडघ्याजवळ लहानसा छेद घेऊन नडगीच्या वरच्या टोकातून आधी बारीक तार सोडतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत तुकडे सरळ आणतात, गरजेप्रमाणे पोकळी कोरून रुंद करतात, आणि तारेवरून रॉड उतरवतात. शेवटी वर व खाली आडवे स्क्रू घालतात. त्यामुळे पाय फिरत नाही, आखूडही होत नाही. मोडलेली जागा पुष्कळदा उघडावीही लागत नाही. नडगी वरच्या टोकाशी मोडली असेल, तर गुडघ्याच्या वाटीच्या वरून रॉड घालण्याची नवी रीत सोयीची पडते.

माझ्या वेळी घरात खल झाला, "पायात लोखंड कशाला?" सासूबाई म्हणाल्या, "आढ्याला टेकू लावता ना? मग हाडालाच का नको?" प्रश्न तेथेच मिटला. आज मी सर्व कामे करते. गुडघा टेकून बसताना मात्र पुढे दुखते. तसे अनेकांना होते.

भगिनींनो, रॉड हाड जोडत नाही, सरळ धरून ठेवतो. जोडते ते शरीर, आणि त्याला महिने लागतात. किती भार द्यावा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. खर्रा व बिडीतील तंबाखूने हाड उशिरा जुळते. तेव्हा घरच्या माणसाचा खर्रा त्या दिवसांत निष्ठुरपणे बंद करा.

हाड बाहेर आले असेल तर हळद, लेप काही लावू नका. स्वच्छ कापडाने झाका, पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. घट्ट पट्टी आवळू नका. पोटरी दगडासारखी ताठ झाली, बोटे हलवताच असह्य कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका. त्या थोड्या तासांत पाय जाऊ शकतो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची रुग्णालयात चौकशी करा.

यातले एवढे जरी शेजारणीला सांगितलेत, तरी माझे बोलणे कारणी लागले.