परदेशचा पगार आणि घरचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही बोलणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आणि मंडळात माझी ओळख आहे ती हळदीकुंकवाच्या दिवशी चहासाखरेचा अंदाज न चुकणारी म्हणून. पण गेल्या सभेत चिटणीसबाई म्हणाल्या, “आपल्या वस्तीतली मुले आता दुबईला, माल्टाला जाऊ लागली आहेत. तुमचा थोरला तिकडे आहे. तिकडे राहायला खर्च किती येतो ते तुम्ही सांगा.” मी नाही म्हणून पाहिले, पण चिटणीसबाईंपुढे कोणाचे चालते! तेव्हा बोलताना काही चुकले तर सांभाळून घ्या.

महागाई हा तसा आपल्या बायकांचाच विषय आहे. १९७२ साली मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती काढली आणि याच मुंबईत हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. रॉकेल, साखर, तेल यांचा भाव त्यांना तोंडपाठ होता. मलाही माझ्या वाण्याचे भाव तोंडपाठ आहेत. पण माझ्या मुलाच्या ताटातल्या भाताचा भाव मला दोन वर्षे माहीत नव्हता. आज सांगावयाचे ते हेच.

माल्टा हे भूमध्य समुद्रातले बेटांचे राज्य, इटलीच्या खाली. क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षाही लहान. त्यात साडेपाच लाखांवर माणसे राहतात. ते १९६४ साली इंग्रजांपासून स्वतंत्र झाले, २००४ साली युरोपच्या संघात गेले आणि २००८ पासून तिथे युरो हे नाणे चालते. वलेटा ही राजधानी. तिच्यासमोर खाडीपलीकडे स्लीमा आणि गझिरा ही गावे एकमेकांना लागून आहेत. मुलगा स्लीमाच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो आणि गझिराला राहतो. त्यांच्या भाषेत अरबी शब्द पुष्कळ. गझिरा म्हणजे बेट. आमचे गाव मुरूड तालुक्यात, तेव्हा हे ऐकून मला हसू आले, कारण आमच्या जंजिऱ्याचे नावही त्याच अरबी शब्दावरून पडले आहे. जगाला ते ‘दिन्या’ म्हणतात, आपण दुनिया म्हणतो. पैशाला म्हणतात ‘फ्लूस’. मुलगा हा शब्द पहिल्या आठवड्यात शिकला.

तो २०२२ साली गेला. एका एजंटने सगळी व्यवस्था केली, आणि त्याचे पैसे भरण्यासाठी माझ्या पाटल्या पतपेढीत गेल्या. पुढे त्याचा पगार वाढून सगळे कापून हातात १०८० युरो येऊ लागले. त्या वेळी युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता. मी लगेच गुणाकार केला. सत्त्याण्णव हजार दोनशे! आमच्या ह्यांना गोदामात महिना बावीस हजार मिळतात. लाखाला तीन हजार कमी, हा आकडा मी किती जणींना सांगितला असेन त्याची गणती नाही. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या जणी साक्षीला आहेत.

आकडा कळला तशा घरातल्या गरजाही जाग्या झाल्या. पतपेढीचा हप्ता होताच. मग धाकटीच्या क्लासची फी आली, जुना फ्रीज बदलला. महिन्याला पंचेचाळीस हजार, म्हणजे पाचशे युरो, तो पाठवू लागला. मला वाटे, निम्म्याहून अधिक पैसे त्याच्याकडेच राहतात, एकटा जीव, त्याला काय कमी आहे? गावच्या घराची कौले २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात उडाली होती, आणि आम्ही वर ताडपत्री घालून दिवस काढीत होतो. २०२४ च्या मे महिन्यात मी फोनवर म्हटले, “पाऊस तोंडावर आला आहे, अठरा हजार जास्तीचे पाठव.” तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “पाठवतो, आई.” आणि पाठवले.

त्या वर्षी गणपतीला तो घरी आला. अंगावरचा सदरा खांद्यावरून घसरत होता. मी विचारले तर म्हणे, उभे राहून काम असते, चरबी झडली. दुसऱ्या दिवशी त्याचे कपडे धुवायला काढताना बॅगेत एक वही सापडली. रोजचा खर्च रात्री लिहून काढावा ही सवय मीच त्याला लहानपणी लावली होती. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळते. तरी मी ती वाचली.

भगिनींनो, त्यातला एका महिन्याचा हिशेब मी तुमच्यापुढे ठेवते. खोलीतली एक खाट २८० युरो. खोली नव्हे, खाट. एका खोलीत दोघे. वीज व पाण्याचा वाटा ३५. हॉटेलात एक वेळचे जेवण मिळते, ते सोडून बाकीच्या खाण्याचे १९०. फोनचे १५. तिकडे नदी नाही, समुद्राचे पाणी गोडे करून विहिरींच्या पाण्यात मिसळतात. नळाचे पाणी प्यायला चालते, पण चवीला मचूळ म्हणून ही मुले बाटल्या आणतात, त्याचे १२. कपडा, साबण, किरकोळ औषध ४०. कामाचा परवाना दरवर्षी नवा करावा लागतो, त्यासाठी बाजूला २५. पैसे इकडे पाठवण्याची हशील ५. घरी येण्याच्या तिकिटासाठी ५०. बेरीज ६५२ युरो. एक हजार ऐंशीतून ती वजा केली की उरतात ४२८.

आणि आम्ही मागत होतो ५००.

वरचे बहात्तर युरो कुठून यायचे? तिकिटाचे पन्नास त्यात गेले आणि बाकीचे बावीस खाण्यातून. मे महिन्यात मी आणखी दोनशे मागितले. त्याच्या साऱ्या महिन्याचे खाणेच एकशे नव्वदचे, हे आता तुम्ही ऐकलेच आहे. त्या महिन्यात सोबत्याकडून शंभर उसने घेतल्याची नोंद आहे. एकोणीस तारखेपासून खर्चाच्या रकान्यात ब्रेड आणि ‘पास्तित्सी’ एवढे दोनच शब्द. पास्तित्सी म्हणजे वाटाण्याचे किंवा चीजचे सारण घातलेली तिकडची करंजी. तेव्हा पन्नाससाठ सेंटला मिळे आणि गरिबाचे पोट भरे. त्याच्याही आधीपासून, जानेवारीपासून, दर महिन्याच्या शेवटच्या ओळीत लिहिले होते, “चष्मा – पुढच्या महिन्यात.” अशा पाच ओळी मी मोजल्या. सरकारी इस्पितळात विम्याची वर्गणी भरणाऱ्या कामगाराला उपचार फुकट मिळतात, पण चष्मा स्वतःच्या खिशातून घ्यावा लागतो. सुरीने भाजी चिरण्याचे काम करणारा मुलगा जुन्या नंबरच्या चष्म्याने काम करीत होता.

मी वही घेऊन सासूबाईंपाशी जाऊन बसले. आमचे सासरे गिरणीत होते. १९८२ च्या संपापर्यंत ते लालबागला गावकीच्या खोलीत राहिले. खोली एक आणि माणसे पंचवीस-तीस. दिवसपाळीची उठली की रातपाळीची त्याच जागी आडवी होत. जेवण खानावळीत. सासूबाई गावी. त्यांनी वहीचे सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “मीसुद्धा दर महिन्याला मनीऑर्डरीची वाट बघायचे आणि कमी आली की रुसायचे. ते काय खात होते ते मी कधी विचारले नाही. आता विचारायला ते नाहीत.”

तेव्हापासून मी या हिशेबाच्या मागे लागले. आधी मीही चूक करीत होते. तिकडचा फ्लॉवर दोन युरोचा म्हटला की नव्वदने गुणून छाती पिटायची. मुलाने मला दुसरी रीत शिकवली: वस्तूचा भाव रुपयांत न धरता कामाच्या तासांत धरायचा. २०२४ साली तिकडे कायद्याने ठरलेले किमान वेतन आठवड्याला २१३ युरो ५४ सेंट होते. चाळीस तासांचा आठवडा धरला तर तासाला सव्वापाच युरोंहून थोडे अधिक. चांगला तांदूळ किलोला पावणेतीन युरो, म्हणजे अर्ध्या तासाची मजुरी. इथे ह्यांना तासाला शंभर-सव्वाशे पडत असतील, आणि साठ रुपये किलोच्या तांदळाला तेवढाच वेळ राबावे लागते. म्हणजे तांदूळ तिकडे महाग नाही! पण केस कापायचे तर बारा युरो, दोन तासांहून अधिकची मजुरी. म्हणून ही मुले एकमेकांचे केस कापतात. आणि ती खाट? बावन्न तास. महिन्यातला पहिला सव्वा आठवडा तो नुसता निजण्याच्या जागेसाठी राबतो.

जागा इतकी महाग का, याचे कारण आपल्याला कांजूरमार्गात वेगळे समजावून सांगायला नको. जमीन तेवढीच आणि माणसे वाढती. त्यात २०२४ साली त्या चिमुकल्या देशात पस्तीस लाखांहून अधिक प्रवासी येऊन गेले, तेव्हा घरमालक प्रवाशांना घर देतो की कामगारांना, हे ओघानेच आले. धान्य, तेल, यंत्रे, बहुतेक सारे बोटीने बाहेरून येते, त्याचे भाडे भावावर चढते.

सगळेच वाईट आहे असेही मी म्हणणार नाही. २०२२ च्या ऑक्टोबरपासून तिथे राहणाऱ्याला नावाचे कार्ड काढले की बसचा प्रवास फुकट आहे. महागाई वाढली की सरकार दरवर्षी सगळ्यांच्या पगारात ठरावीक भर घालावयास लावते. २०२४ साठी ती आठवड्याला १२ युरो ८१ सेंट होती आणि २०२५ साठी ५ युरो २४ सेंट. आपल्याकडच्या महागाई भत्त्यासारखेच हे. २०२० पासून भाड्याचा करार नोंदवण्याचा कायदा आहे आणि मधल्या काळात मालकाला मनास येईल तसे भाडे वाढवता येत नाही. विजेचे दर दोन आहेत. घरात किती माणसे राहतात याची नोंद असेल तर स्वस्त, नसेल तर महाग. मुलाच्या पहिल्या घरमालकाने ती नोंद केलीच नव्हती, आणि आठ महिने ही मुले जादा दराने पैसे भरीत राहिली. कागद कोणता मागावा हेच त्यांना ठाऊक नव्हते.

म्हणून ज्यांची मुले, मुली जाणार आहेत त्यांना माझे सांगणे आहे. एजंट पगाराचा आकडा रुपयांत सांगेल. तो तिथल्या नाण्यात आणि कर, विमा कापून हातात किती पडेल ते लिहून मागा. निजायची जागा कुठे, करार कोणाच्या नावावर, अनामत किती, विजेची नोंद आहे का, हे विचारा. कामावर किती वेळचे जेवण मिळेल ते विचारा. परवाना आणि घरी येण्याचे तिकीट हे खर्चात पहिल्या दिवसापासून धरा. एवढे वजा करून जे उरेल, तेवढ्यातच आपले मागणे बसवा.

आमच्या घरी आम्ही गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळे मिळून बसलो. ह्यांना पटायला वेळ लागला. आपण मुलाचे खातो असे वाटून ते रागावले आणि उठून गेले, रात्री परत येऊन बसले. चारशे युरोंवर पाठवू द्यायचे नाही असे ठरले. घराच्या मागच्या पडवीवर अजून पत्रेच आहेत. धाकटीने क्लास सोडला नाही, पण दोन शिकवण्या धरल्या. माझ्या पाटल्या अजून पतपेढीत आहेत आणि आणखी वर्षभर तिथेच राहतील. परत गेल्यावर महिन्याभरात त्याने चष्मा केला आणि फोनवर मला दाखवला. एकशे वीस युरो. या वेळी मी गुणाकार केला नाही.

आता दर रविवारी फोनवर तो त्याचा हिशेब वाचतो आणि मी माझा वाचते. त्याला प्रथमच कळले की इथे तूरडाळ काय भावाने येते आणि त्याची आई दुपारचा चहा कधीपासून बिनदुधाचा पिते. त्यावरून तोही मला रागावला. एकमेकांना रागावायला आता दोघांपाशीही कागद आहे.

माझ्या वहीतले रकाने मी चिटणीसबाईंकडे उतरवून दिले आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी गुरुवारी मंडळात यावे. मी तीन ते पाच तिथे असते. लाखाला तीन हजार कमी, हा आकडा माझ्या तोंडून ज्यांनी ज्यांनी ऐकला, त्यांनी आजचा हा दुसरा आकडाही लक्षात ठेवावा, एवढी विनंती करून मी खाली बसते.