देवीचं नाणं आणि दहा लाखांचं गिऱ्हाईक

आज पैशांविषयीच बोलायचं आहे, पण बचतीविषयी नाही, नाण्यांविषयी.

मागच्या महिन्यात मुरबाडकडच्या एका बचत गटात गेले होते. बैठक उरकली, चहा झाला, आणि एका ताईंनी पदराची गाठ सोडून पाच रुपयांचं नाणं माझ्या हातावर ठेवलं. त्यावर वैष्णोदेवी. म्हणाल्या, "डोंबिवलीच्या लेकीनं मोबाईलवर बघितलं, याचे दहा लाख येतात. गिऱ्हाईकपण मिळालंय. फक्त नोंदणीचे साडेबाराशे भरायचेत." तेवढे पैसे गटातून उचलायचा त्यांचा विचार होता.

नाणं खोटं नव्हतं, बरं का. वैष्णोदेवी देवस्थान मंडळाला पंचवीस वर्षं झाली म्हणून २०१२ साली सरकारनंच पाच आणि दहा रुपयांची अशी नाणी काढली आणि बाजारात सोडली. म्हणजे पाचाच्या नाण्याला दुकानात पाच रुपयांचाच माल मिळणार. अशी नाणी आपण कितीतरी वापरली आहेत. ज्ञानेश्वर माउलींचा रुपया आणि शिवाजी महाराजांचे दोन रुपये १९९९ चे, लोकमान्य टिळकांचे पाच रुपये २००७ चे. घरी जाऊन मिसळणाच्या डब्यातली चिल्लर चाळा, एखादं सापडेलही. न वापरलेलं, कोरं करकरीत नाणं असेल तर एखादा शौकीन चार पैसे जास्त देईल. लाख कुणी देणार नाही.

मग दहा लाख देणारा कोण? तो नाण्यासाठी आलेलाच नसतो, तो साडेबाराशेसाठी आलेला असतो. ते भरले की दुसऱ्या दिवशी फोन येतो, जीएसटी भरा. मग रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र काढायचंय, त्याचे इतके. बँकेचा शिक्का असलेला कागदही मोबाईलवर येतो. दर वेळी वाटतं, एवढे गेले, आता थोडक्यासाठी कशाला थांबायचं? याच प्रकारांमुळे रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ ला पत्रक काढून सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आम्ही पडत नाही, त्यासाठी कुठलं शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि आमच्या नावानं असे पैसे गोळा करायला आम्ही कुणालाही नेमलेलं नाही.

आपण कल्याणच्या बाजारात भेंडीची पाटी घेऊन बसलो, तर गिऱ्हाईक भेंडी घ्यायच्या आधी आपल्याकडेच पैसे मागतं का? मग नाणं विकताना आपण कशाला द्यायचे?

ही झाली आपल्याकडून घेणाऱ्यांची गोष्ट. आपल्याला विकणारेही असतात. सरकार काही स्मारक नाणी बाजारखर्चासाठी नाही, जपून ठेवण्यासाठी काढतं. डॉ. बाबासाहेबांचं १२५ रुपयांचं नाणं २०१५ साली निघालं, नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं २०२३ साली. ते ७५ चं नाणं ३५ ग्रॅमचं, त्यात निम्मी चांदी. अशी नाणी सरकारी टाकसाळ जाहीर किमतीला विकते, आणि ती किंमत वरच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त असते. त्यांच्यावर अशोकस्तंभाचे सिंह असतात, भारत हे नाव असतं, रुपयांचा आकडा असतो. मखमली डबीत, "मर्यादित आवृत्ती" अशी चिठ्ठी लावून कुणी सोनेरी चकती विकत असेल आणि तिच्यावर यातलं काही नसेल, तर ते नाणं नव्हे, पदक आहे. आवडलं तर पदक म्हणून घ्या. सोन्याचा मुलामा म्हणजे सोनं नाही. उद्या अडचणीला मोडायला नेलं तर सोनार तराजूसुद्धा काढणार नाही.

आपल्याकडे सगळ्यात जास्त भूल पडते ती महाराजांच्या नावाला. राज्याभिषेकाला २०२४ मध्ये ३५० वर्षं झाली, तेव्हा तर शिवराई आणि होनांचे नमुने जिकडे तिकडे दिसत होते. नमुना म्हणून घेतला तर त्यात काही वाईट नाही, माझ्या घरीही एक आहे. पण तोच "वाड्याच्या भिंतीत सापडला" म्हणून कुणी पाच हजारांना देऊ लागला, तर? खरा होन सोन्याचा, वजनाला तीन ग्रॅमही नाही, आणि आज फारच थोडे उरलेत. तो चौकात पंचा पसरून कुणी विकत नाही. शिवराईचं उलट आहे. हे तांब्याचं नाणं, एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपती. महाराजांनंतरही कितीतरी वर्षं ते पाडलं जात होतं, त्यामुळे पुढच्या काळातली अस्सल झिजकी शिवराईसुद्धा नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे काहीशे रुपयांत मिळते. जुनं म्हणजे महाग, हे काही खरं नाही.

आणखी एक. रामदरबाराचं चित्र आणि १८१८ साल असलेलं "ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं" कुणी दाखवलं, तर कंपनीनं तसं नाणं कधी पाडलंच नव्हतं. तांदूळ ओढणारं नाणंही ऐकलं असेल. त्यात ओढतं ते लोहचुंबक, आणि तांदळाला आधीच लोखंडाची पूड लावलेली असते.

पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा, बँकेला कळवा, जवळच्या पोलीस ठाण्यात जा. जितकं लवकर कळवाल तितकी पुढे सरकलेली रक्कम अडवता येण्याची आशा जास्त.

त्या ताईंचं काय झालं, तेही सांगते. मी म्हटलं, लावा त्याला फोन, सगळ्यांसमोर. स्पीकरवर लावला. ताई म्हणाल्या, "भाऊ, तुमचे साडेबाराशे त्या दहा लाखांतनंच कापून घ्या आणि उरलेले मला द्या." पलीकडे जरा वेळ शांतता, मग फोन कट. पुन्हा लावला तर उचलेना. बायका हसल्या, ताई काही लगेच हसल्या नाहीत. दहा लाखांत त्यांनी घराचं छप्पर आणि नातवाची फी बसवून ठेवली होती.

नाणं त्यांनी परत पदराला बांधलं. आता ते देव्हाऱ्यात आहे म्हणतात.