डब्याची किल्ली कोणाच्या हातात?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाच्या बैठकीत वायफायच्या डब्याची गोष्ट कशाला, असं काहींना वाटेल. पण बियाण्याचा आणि या डब्याचा प्रश्न एकच आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू माझी, की विकणाऱ्याची?

२००२ च्या अखेरीस अमेरिकेत लिंक्सिस कंपनीचा एक राउटर बाजारात आला. जाणकारांनी आत पाहिलं, तर लिनक्स निघालं. लिनक्सचा परवाना सांगतो : वापरा, बदला, वाटा, पण दुसऱ्याला द्याल तर मूळ मजकुरासकट द्या. लोकांनी तो मागितला आणि २००३ मध्ये कंपनीला तो खुला करावा लागला. त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. आज शेकडो जातींच्या बोर्डांवर ते फुकट चालतं. आपल्या आज्या ज्वारीचं बियाणं राखायच्या आणि शेजारणीला ओंजळभर द्यायच्या, तसंच हे. जून २०१९ मध्ये अकोली जहाँगीरला आपण बंदी असलेलं कापसाचं बियाणं उघडपणे पेरलं, तेही याच तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्यासाठी.

मुंबईत कांजुरमार्ग स्टेशनापासून जवळच पवईची आयआयटी आहे. तिथल्या लोकांनी ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात पालघर जिल्ह्यातल्या गावांना बिनतारी जोडणी दिली. आधी टीव्हीच्या रिकाम्या लहरींवर, पुढे साध्या वायफायच्या लहरींवर. २०१७ मध्ये या कामाला मोझिलाच्या स्पर्धेत पारितोषिक मिळालं. पालघरच्या डोंगरात जे जमलं, ते आपल्या सपाट काळ्या रानात का जमू नये?

आता सुरुवात कशी करायची ते सांगतो.

पहिलं, बोर्ड बघून घ्या. १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम हवीच. ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत तोच नमुना, तीच आवृत्ती आहे का ते पाहा. चुकीची फाइल चढवली तर बोर्डाचा दगड होतो.

दुसरं, बिघडलाच तर आत शिरायची वाट ठेवा. बोर्डावर सिरियलच्या पिना असतात. तीनच तारा जोडायच्या : पाठवणारी, घेणारी आणि ग्राउंड. इकडची पाठवणारी तिकडच्या घेणारीला. चौथी, विजेची, मोकळी सोडा. बहुतेक बोर्ड ३.३ व्होल्टचे असतात. पाच व्होल्ट दिले तर चिप जळते. वेग बहुधा ११५२००.

तिसरं, नवी प्रणाली चढली की केबलनं संगणक जोडून १९२.१६८.१.१ उघडा. पासवर्ड नसतो, आधी तो घाला. मग देश ‘भारत’ निवडून वायफाय सुरू करा.

चौथं, वीज. पाच वॉटचा बोर्ड बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांच्या बॅटरीवर, बॅटरी निम्मीच वापरली तरी, आठ तास चालतो. भारनियमनाची रात्र निघते.

पाचवं, खांब. कापूस कमरेएवढा, तो आड येत नाही. ज्वारी मात्र डोक्यावर जाते, आणि ओली पानं लहरी खातात. एक किलोमीटर अंतरावर ५.८ गिगाहर्ट्झची लहर मधोमध पिकाच्या वर निदान सात फूट मोकळी हवी. दहा फुटांची ज्वारी धरली तर दोन्ही टोकांना वीस फुटांचा खांब लावा. उन्हाळ्यात जोडलेलं भादव्यात बंद पडतं, त्याचं कारण हेच. खांबाला अर्थिंग द्या. वीज पडायला आपल्याकडे उंच खांबच सापडतो.

कायद्याचं म्हणाल तर २.४ गिगाहर्ट्झ २००५ मध्ये, आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ मध्ये, ठरलेल्या शक्तीच्या आत परवानामुक्त झाला. गावाला इंटरनेट विकायचं असेल, तर २०२० च्या पीएम-वाणी योजनेत नोंदणी करा.

एक गैरसमज नको. हा डबा इंटरनेट पिकवत नाही. ते ग्रामपंचायतीच्या फायबरवरून नाहीतर मोबाइल टॉवरवरूनच यायचं. डबा ते फक्त शिवारापर्यंत पोहोचवतो. आणि वायफायनं कापसाला भाव मिळणार नाही. भावाची लढाई लढावीच लागेल. पण वणीचा आणि अकोटचा आजचा भाव ठाऊक असलेला शेतकरी दारात आलेल्या व्यापाऱ्यापुढे मान खाली घालत नाही.

तेव्हा प्रत्येक तालुक्यातून दोन पोरं आणि दोन पोरी पुढे या. एक जुना राउटर आणा, जळला तरी चालेल असा. पुढच्या बैठकीत तो इथेच उघडू.