मोटरसायकलवाल्यांची कुरकुर

(पुंगोल येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहींना हसू आलेलं दिसतंय. प्रयोगशाळेतला माणूस मोटरसायकलवर काय बोलणार? पण मला गाडीपेक्षा गाडीवाल्यांच्या बोलण्यावर बोलायचं आहे. चार मालक जमले की दहा मिनिटांत कुरकुरीचा सूर लागतो. याची चेन सैल होते, त्याचं इंजिन तापतं, सुटे भाग मिळत नाहीत. आणि शेवटी हमखास निकाल: "ती घेऊ नकोस, भंगार आहे."

ज्याची गाडी सकाळी बटण दाबताच सुरू होते आणि संध्याकाळी निमूट घरी येते, त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. बोलतो तो ज्याची बंद पडते. म्हणजे आपल्याला ऐकू येतो तो फक्त अंश. छेद कुणी सांगत नाही. बारा जणांनी क्लचबद्दल तक्रार केली, ठीक. पण ते शंभरातले बारा की दहा हजारांतले? असा आकडा घेऊन कुणी परिसंवादात उभा राहिला, तर पहिल्या प्रश्नालाच त्याला खाली बसावं लागेल. म्हणून तक्रार निरुपयोगी ठरते असं मात्र नाही. दोष किती गाड्यांत आहे हे तिच्यातून कळत नाही, पण तो कसा दिसतो हे कळतं. एखाद्या डॉक्टरने एकाच रुग्णाबद्दल लिहिलेल्या टिपणासारखी तिची किंमत आहे.

दुसरं कारण मनातलं आहे. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1957 साली मांडलं की निर्णय घेऊन झाल्यावर माणूस तो बरोबर ठरवण्याच्या मागे लागतो. सिंगापूरमध्ये याला चांगलंच खतपाणी मिळतं. इथे गाडीबरोबर सीओईचा कागद घ्यावा लागतो, आणि तो दहा वर्षांपुरताच. 2022 मध्ये मोटरसायकलच्या सीओईने दहा हजार डॉलरचा आकडा ओलांडला. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या बाबतीत कागद गाडीहून महाग! एवढे पैसे मोजल्यावर आपली निवड चुकली असं कोण म्हणेल? त्यापेक्षा दुसऱ्याच्या गाडीला नावं ठेवणं सोपं.

त्यातही एक जात आपल्या लोकांत फार आढळते: "भारतात बनलेली ना? मग तकलादूच असणार." हे म्हणणारा मराठी गृहस्थ केटीएमच्या 200 ड्यूकचं मात्र तोंडभरून कौतुक करतो. ती 2012 पासून पुण्याजवळ चाकणला, बजाजच्या कारखान्यात बनते आणि तिथूनच परदेशी जाते. ट्रायम्फची स्पीड 400 देखील तिथलीच, 2023 पासून. नाव ऑस्ट्रियाचं किंवा इंग्लंडचं लागलं की चाकणचा तोच कामगार युरोपियन होतो, असा काही नियम असावा.

हे सगळं विनोदावारी नेता आलं असतं. पण आमच्या ब्लॉकमध्ये जेवणाचे डबे पोचवणारा एक तरुण आहे. त्याचं लायसन्स क्लास 2बी, म्हणजे 200 सीसीपर्यंतचं. गाडी हीच त्याची रोजीरोटी. पावसात काही अंतर गेल्यावर मागचा ब्रेक आधी मऊ लागतो आणि मग एकदम धरतो, असं त्याने पार्किंगमध्ये जमलेल्यांना विचारलं. ब्रेक कधी, कोणत्या वेगाला, किती किलोमीटरनंतर धरतो, सगळं त्याने नीट सांगितलं. उत्तर मिळालं, "असली गाडी घेतलीस ना, मग भोग!" सगळे हसले. तो नंतर त्या घोळक्यात थांबलेला मी पाहिला नाही. शनिवार-रविवारी हौसेने गाडी काढणाऱ्यांचं यात काहीच गेलं नाही. पण त्या संध्याकाळी ऐकलेली एकमेव उपयोगाची तक्रार होती ती.

तक्रारीला वजन कसं येतं हे महाराष्ट्राने फार पूर्वी दाखवलं आहे. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा येण्यामागे या चळवळीचा मोठा वाटा होता. त्या कायद्याने चिडलेल्या गिऱ्हाइकाला पावती, तारीख आणि दोषाचं वर्णन घेऊन उभं राहायला जागा दिली. पुढे 2019 मध्ये भारताच्या मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन सदोष वाहनं परत बोलावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्यात मालकांच्या तक्रारींचा ठरावीक टक्का गाठला जाणं ही एक कसोटी आहे. टक्का म्हटला की विकलेल्या सगळ्या गाड्या मोजाव्या लागतात. इथे मात्र छेद आला! "भंगार आहे" ही तक्रार त्या हिशेबात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आज दुचाकीवरून आलेल्यांसाठी दाराशी एक वही ठेवली आहे. गाडी कोणत्या वर्षाची, किती किलोमीटर झाले, काय बदलावं लागलं, एवढंच लिहा. काहीच बदलावं लागलं नसेल तर तेही लिहा. आणि त्या मागच्या ब्रेकसारखं काही कुणाच्या गाडीत झालं असेल, तर चहाच्या वेळी मला गाठा.