रोग्याचे बोल आणि शिकाऊ परिचारिका



आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते रुग्णालयात शिकणाऱ्या मुलींबद्दल; आणि मुलांबद्दलही, कारण परिचर्येचे शिक्षण आता केवळ मुलींचे राहिलेले नाही. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरातली पोर बारावीनंतर नर्सिंगला जाते. कोणी तीन वर्षांचा अभ्यासक्रम घेते, कोणी चार वर्षांची पदवी. शरीरशास्त्र, औषधे, इंजेक्शने हे सारे ती मन लावून शिकते. परंतु वॉर्डात पाऊल टाकले की पहिली अडचण येते ती सुईची नव्हे, बोलण्याची. रोगी काय म्हणतो ते नीट कळत नाही, आणि आपण सांगितले ते त्याला उमगले की नाही, तेही कळत नाही. मी पडलो भाषा शिकवणारा. वैद्यकाशी माझा संबंध वाचनापुरता. पण हा प्रश्न मुळात भाषेचाच आहे, म्हणून थोडे धाडस करतो.

पावसाळ्यातली रात्र धरा. ग्रामीण रुग्णालयाच्या दारात जीप थांबते. आजी पोराला कवळून आत येते आणि म्हणते, “बाई, लेकराला पान लागलं!” समोर उभी असलेली विद्यार्थिनी शहरात वाढलेली. पान लागलं म्हणजे तिच्या डोळ्यांपुढे विड्याचे पान येणार. तंबाखू चढली असेल, असे तिला वाटणार. तुम्हाला मात्र सांगायला नको. रात्री सापाचे नाव घ्यायचे नाही, म्हणून आपण ‘जनावर’ म्हणतो, ‘लांबडं’ म्हणतो आणि चावला तर ‘पान लागलं’ म्हणतो. आता मण्यारीचा दंश असला तर त्याची खूण पुष्कळदा दिसतही नाही. सूज नाही, फारशी आग नाही. पोर पोट दुखतं म्हणते, मग पापण्या जड होतात, आणि पुढे श्वास घ्यायला बळ उरत नाही. सर्पविषावरची लस कपाटात असते. पण ती कपाटातून बाहेर यायला आजीच्या त्या दोन शब्दांचा अर्थ कोणाला तरी कळावा लागतो.

दुसरा शब्द घ्या. “आमच्या म्हाताऱ्याच्या अंगावरून वारं गेलं.” म्हणजे पक्षाघात. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन आज मिळते. मात्र ते साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूचा सी.टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे पाहावे लागते. म्हणून डॉक्टर विचारतात, किती वाजता झालं? आणि घरचा माणूस सांगतो, “गुरं घराकडं आली तवा.” किंवा “कासराभर दिवस वर आला असंल.” हे उत्तर चुकीचे नाही. आपल्या घड्याळाला काटे नाहीत, एवढेच. विद्यार्थिनीने इथे कपाळाला आठी न घालता पुढचा प्रश्न विचारायचा : “तुमच्याकडं गुरं कधी येतात? शाळा सुटली होती का? शेवटची एस.टी. गेली होती का? त्यांना अगदी धडधाकट असं शेवटचं कोणी पाहिलं?” चार प्रश्नांत आकडा हाती येतो.

आता एक अडचण अशी की, रोगी पुष्कळदा आपल्याला काय होते ते सांगतच नाही. स्वतः केलेले निदान सांगतो. “पित्त खवळलंय” म्हणतो. असेलही पित्त. परंतु छातीत जळजळ, दरदरून घाम, डाव्या हातात नाहीतर जबड्यात कळ, हे हृदयविकाराचेही असू शकते. आणि मधुमेही माणसांत व बायकांत ते पुष्कळदा असे आडून आडूनच येते. तेव्हा ‘पित्त’ एवढेच कागदावर उतरवून चालत नाही. “काका, पित्त म्हणजे नेमकं काय होतंय? हात लावून दाखवा बरं. चाललं की वाढतं का?” असे विचारावे लागते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी 1859 साली परिचर्येवर जे पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी हाच मुद्दा धरला आहे. रोग्याला रात्र चांगली गेली का, असे विचारण्यात अर्थ नाही, असे त्या बजावतात. एकाला दहा तास सलग झोप नाही मिळाली तर रात्र वाईट वाटते, तर दुसऱ्याला अधूनमधून डुलकी लागली तरी वाईट वाटत नाही. किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी, ते विचारा. इतक्या वर्षांनंतरही हा सल्ला शिळा झालेला नाही.

शब्द ठाऊक असूनही तोंडातून निघत नाहीत, त्याचे काय? गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या बायकांची तपासणी केली. ते निष्कर्ष 1989 साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शंभरांतल्या 92 बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि पूर्वी तशी तपासणी झालेल्या बायका शंभरांत अवघ्या आठ! एवढे दुखणे घरोघर मुकाट्याने सोसले जात होते. बाई वॉर्डात आली तरी उत्तरे सासू देते, नाहीतर नवरा देतो. चतुर विद्यार्थिनी इथे वाद घालीत नाही. “मावशी, तेवढा केसपेपर खिडकीवरून काढून आणता का?” म्हणते, पडदा ओढते आणि खाटेशी बसून हळूच विचारते, “ताई, अंगावर जातं का?” बसून विचारण्याला महत्त्व आहे बरं का. उभ्या माणसाला घाई असते, हे रोग्याला न सांगता समजते.

आणि जिथे भाषाच वेगळी, तिथे ती शिकण्याला दुसरा उपाय नाही. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे 1973 साली हेमलकशाला गेले, तेव्हा त्यांना आधी माडिया भाषा शिकावी लागली. केरळातून आलेल्या कित्येक परिचारिकांनी मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत मराठी आपलीशी केली, ती पुस्तकांतून नव्हे, खाटेशेजारी उभे राहून. दुभाष्या घ्यावा लागला तर मोठे माणूस घ्यावे. आईचे दुखणे दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून वदवून घेणे मला तरी बरे वाटत नाही.

इथवर रोग्याकडून ऐकण्याचे झाले. ऐकलेले वर पोहोचवणे त्याहून अवघड. आपल्याकडे धाकट्याने थोरापुढे बोलू नये, ही शिकवण हाडीमांसी खिळलेली. विद्यार्थिनी डॉक्टरांना फोनवर कसेबसे म्हणते, “सर, बारा नंबरची पेशंट बरी दिसत नाही.” ह्यावर डॉक्टरांनी काय समजावे? अमेरिकेच्या आरमारातील पाणबुड्यांवर निरोप देण्याची एक ठराविक रीत होती. ती पुढे तिथल्या रुग्णालयांनी उचलली आणि आज जगभर शिकवतात. आत्ता काय घडते आहे, आधी काय झाले होते, मला काय वाटते, आणि मला काय हवे आहे, ह्या क्रमाने बोलायचे. म्हणजे असे : “सर, मी बाळंतिणींच्या वॉर्डातून विद्यार्थिनी बोलते, स्टाफ सिस्टर रोग्यापाशी आहेत. बारा नंबरच्या बाईंना रक्तस्राव फार होतोय. बाळंत होऊन दोन तास झाले. नाडी 120, रक्तदाब 90 वर 60. गर्भाशय आवळलेलं लागत नाही. आपण ताबडतोब यावं.” ह्यात उद्धटपणा कुठे आहे? थोराचा मान राखून वेळही राखलेला आहे.

डॉक्टरांनी तोंडी मात्रा सांगितली तर ती लिहून घेऊन त्यांना परत वाचून दाखवायची. आपल्या मराठीत ‘सात’ आणि ‘साठ’ फोनवर किती सारखे ऐकू येतात! म्हणून “सहा, शून्य, साठ” असे सुटे सुटे म्हणावे.

घरी जाणाऱ्या रोग्याला “समजलं का?” असे विचारले तर तो “हो” म्हणणारच, सिस्टरला नाही कसे म्हणावे? त्यापेक्षा, “आजोबा, घरी गेल्यावर गोळी कशी घेणार, ते मला सांगा,” असे म्हणावे. मग उलगडा होतो की, ‘जेवणानंतर तीनदा’ सांगितलेली गोळी ते दोनदाच घेणार आहेत, कारण ते जेवतातच दोनदा. जुलाबावरच्या क्षारांची पुडी एक लिटर पाण्याची असेल, तर घरातल्या तांब्यात पाणी किती मावते, हे कधीतरी मोजायला लावले पाहिजे.

श्रोत्यांतल्या शिक्षकबंधूंना एक विनंती. ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘तवा’ असे बोलणाऱ्या मुलीला आपण वर्गात हसतो, हसू देतो. प्रमाणभाषा तिला जरूर शिकवा, ती तिला परीक्षेला आणि केसपेपरला लागणार आहे. परंतु घरची बोली तिच्याकडून काढून घेऊ नका. त्या आजीचे ‘पान लागलं’ पहिल्यांदा कळेल ते तिलाच. वर्गात कधी एखाद्या मुलीला औषधाच्या बाटलीवरची सूचना आपल्या आजीला सांगतो तशी सांगायला लावून पाहा; निबंधापेक्षा ते कठीण जाते.

आणि तुम्ही गावकरी मंडळी, दवाखान्यात जाताना जुने कागद, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि बाहेरून काही झाडपाल्याचे घेतले असेल तर तेही सोबत न्या. शिकाऊ सिस्टरने पुन्हा पुन्हा विचारले, किंवा सांगितलेले तुमच्याकडून वदवून घेतले, तर ही पोर नवखी आहे म्हणून तिला झिडकारू नका. तिचा एखादा शब्द कळला नाही तर तिथल्या तिथे विचारा. फाटकाबाहेर आल्यावर पानवाल्याला नव्हे.